लहान फळीवरील लोहमार्ग

पालघर किंवा बोईसरच्या फलाटावर उभे राहून भरधाव जाणारी गाडी ज्याने डोळे भरून पाहिली नाही, असा मुलगा आपल्यांत क्वचितच असेल. आपल्या अंगणावरून जाणारा हा मार्ग काही आजकालचा नव्हे. बी. बी. सी. आय. रेल्वे कंपनीने 1864 साली तो सुरतेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पुरा केला. अमेरिकेचे दोन किनारे जोडणारा पहिला लोहमार्ग 1869 साली पुरा झाला, म्हणजे आपला मार्ग त्याहून पाच वर्षांनी वडील आहे. अशा मार्गाची लहानशी प्रतिकृती आपल्या हातांनी करावी, असे मुलांस वाटल्यास नवल नाही. ती थोड्या पैशांत कशी साधावी, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम गणित पाहू. लहान गाड्यांचे सर्वांत प्रचलित प्रमाण 'एच. ओ.' हे होय. त्यात खरी वस्तू 87 पटींनी लहान करितात व दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर ठेवितात. पालघर ते बोईसर हे अंतर सुमारे 12 किलोमीटर आहे. त्यास 87 ने भागा; सुमारे 138 मीटर येतात. एवढी जागा कोणाच्याही घरात नाही. तात्पर्य, सर्व काही करता येत नाही; काय सोडावयाचे हे आधी ठरवावे लागते.

ही गोष्ट आम्हांस उशिरा उमगली, हे कबूल करितो. पहिल्या खेपेस आमच्या वर्गाने वर्गणी जमविली व सर्वांत आधी एक डौलदार इंजिन व लांब डबे विकत घेतले. उरलेल्या पैशांत रूळ कसेबसे एका लहान वर्तुळापुरते आले. साडेतेवीस मीटरांचा आजचा डबा या प्रमाणातही 27 सेंटिमीटर भरतो; अरुंद वळणावर तो प्रत्येक फेरीस रुळावरून घसरे. पुढे पावसाळ्यात रंग न दिलेली फळी बाकली आणि सर्व सामान कापडाखाली पडून राहिले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, मुलांच्या पैशांचे काय झाले?" त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या मनुष्याचा प्रभूने दिलेला दाखला आम्ही वर्गात अनेकदा शिकविला होता. पाळला मात्र नव्हता.

दुसऱ्या खेपेस वही आधी उघडली. परदेशांतील अनेक छंदिष्ट अमेरिकेच्या जुन्या पश्चिम प्रांतांतील गाड्या का करितात, याचा आम्ही विचार केला. त्या काळची इंजिने व डबे आखूड असत. म्हणून ती थोड्या जागेत शोभतात व लहान वळणावर सहज वळतात. आम्हीही वाफेच्या काळातील आपल्याकडचे एखादे स्थानक कल्पिले. जुन्या धर्तीची चार चाकांची वाघीण आठ-नऊ सेंटिमीटरांत बसते. वर्तुळाचा हट्ट आम्ही सोडिला आणि अॅलन राइट या इंग्रज छंदिष्टाची युक्ती स्वीकारिली.

तीत लागतात एक लहान इंजिन, आठ वाघिणी व दोन सांधे. तीन साइडिंगांपैकी एकीत पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढील आखूड रुळावर इंजिन व तीन वाघिणी एवढीच जागा ठेवावी. हे सर्व सुमारे पाच फूट लांब व एक फूट रुंद फळीवर बसते. मग आठ चिठ्ठ्यांतून पाच काढाव्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवावी. पहिल्या जागेसाठी आठ पर्याय, दुसरीसाठी सात, मग सहा, पाच व चार. यांचा गुणाकार 6720 होतो. इतके निरनिराळे क्रम दोन सांध्यांच्या मार्गावर संभवतात! वर्तुळात धावणारी गाडी पाहून मन लवकर विटते. येथे प्रत्येक डाव नवा असतो.

देखावा तर जवळजवळ फुकट होतो. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे, हिरव्या रंगात बुडविलेल्या लाकडाच्या भुशाचे गवत, चाळलेल्या बारीक रेतीची खडी, वापरून धुतलेल्या व वाळविलेल्या चहाच्या पुडीची माती, जुन्या पुठ्ठ्याचे स्थानक. कुडाच्या भिंतींचे झोपडे काड्या व माती यांचे करावे. फळीखाली लाकडी चौकट ठोकावी व दोन्ही बाजूंस रंग द्यावा. आमच्या बाकलेल्या फळीने शिकविलेला हा धडा आहे.

विजेविषयी मात्र काटकसर करू नये. आपल्या मार्गावरील खऱ्या गाड्या 25,000 व्होल्टवर चालतात. खेळातील इंजिनास 12 व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरतो. तो दोन रुळांतून इंजिनाच्या मोटारीस मिळतो. धन व ऋण यांची अदलाबदल केली की इंजिन उलट धावते. यासाठी तयार व सुरक्षित नियंत्रकच घ्यावा. घरातील विजेची तार रुळांस कधीही, कोणत्याही सबबीवर जोडू नये.

पालकांस विनंती की, पुण्यास जाणे झाल्यास मुलांस कोथरूड येथील जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय अवश्य दाखवावे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले ते संग्रहालय 1998 साली सर्वांसाठी खुले झाले. मात्र ते पाहून घरी आल्यावर मोठ्या देखाव्याची घाई करू नये. आधी पाच फुटांची फळी पुरी करावी.

आमची फळी आता पुरी झाली आहे. पहिल्या खेपेचे इंजिन व लांब डबे विकून जे आले, ते जमेस धरिले. प्रत्येक खर्च मुलांनीच वहीत लिहिला आणि ती वही प्रथम त्याच गृहस्थांपुढे ठेविली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचिली. मग चिठ्ठ्या मागितल्या, पाच काढिल्या आणि गाडी जुळवावयास बसले.