रात्रीचा घाट उतरू नकोस

मिरज

चि. ओंकार,

काल रात्री ताईचा फोन आला. बराच वेळ ती नुसती रडत होती, मला वाटलं दाजींचंच काही झालं. मग कळलं, तुझ्या कपाटात काळा टीशर्ट सापडला आणि त्यावर 'भयानक मौत' लिहिलेलं. पोरगं अघोरी नादाला लागलं, असं शेजारणीने तिच्या डोक्यात भरवलेलं. तेवढी समजूत मी घातली. तो मुंबईतल्या मुलांचा बँड आहे, २००३ साली सुरू झालेला, त्यात पूजाबिजा काही नाही, हे सांगितल्यावर ती शांत झाली. पण फोन ठेवता ठेवता तिने दुसरीच गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही. पसरणी घाटात मध्यरात्र उलटल्यावर वाईच्या नानांनी तुला पाहिलं म्हणे. गाडी मित्राची, चालवणारा तू, कानात हेडफोन. पुण्याला कार्यक्रम ऐकायला गेला होतास आणि आई उठायच्या आत पाचगणीला घरी पोचायचं होतं.

खरं आहे का हे? नानांची नजर आता चांगली राहिलेली नाही, एवढीच मला आशा आहे. सतरा वर्षांचा तू, लायसन्स नाही, येताना खंबाटकी चढायची, मग सुरूरवरून वाई आणि वाईतून वर धुक्यात ती वळणं. मागून ट्रकने हॉर्न दिला तर हेडफोनमध्ये कसा ऐकू येणार तुला? आपल्या घरात रात्रीच्या घाटाचा विषय कोणी का काढत नाही, हे तुला ठाऊक आहे. अण्णा रात्रीच्या घाटात गेले तेव्हा तू पाळण्यात होतास, पण आजीने त्यानंतर खिडकीत बसून काढलेल्या रात्री तू पाहिल्या आहेस. असं असून तुझी हिंमत झालीच कशी?

संगीतावर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर तू पत्र इथेच बाजूला टाकशील. मेटलची ही खरखरीत, गचाळ वाटणारी रेकॉर्डिंगं तुला का धरून ठेवतात, ते मला कळतं. तू इथल्या सतारमेकर गल्लीत माझ्याबरोबर किती वेळा बसला आहेस! तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरते, तार लावून बघतात, पुन्हा काढतात, पुन्हा घासतात, मग तारेखाली दोरा सरकवतात. एका जागी आला की तो गुंजन उठतो. जवारी निघते. तार घोडीला घासल्याशिवाय ती निघत नाही. तुझ्या आवडत्या गिटारींच्या खरखरीतही तीच जाणूनबुजून लावलेली घासणी मला ऐकू येते. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ब्ड बँडने 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) केला, तेव्हा बॉस एचएम-टू नावाच्या स्वस्त पेडलचे सगळे कान पूर्ण पिळून तो करवतीसारखा आवाज काढला. कंपनीने पुढे ते पेडल बंद केलं आणि आज लोक त्याच आवाजासाठी ते शोधत फिरतात.

क्वॉर्थनने बॅथरी बँडचा पहिला अल्बम १९८४ साली गॅरेजातल्या स्टुडिओत केला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ब्राझीलच्या बेलो होरिझोन्तेमधली सेपल्तुरा बँडची पोरं तर तुझ्याच वयाची. देशातली लष्करी राजवट नुकतीच संपलेली आणि खिशात दमडी नाही. 'मॉर्बिड व्हिजन्स' (१९८६) च्या वेळी गिटारी सुरात लावायचंही भान नव्हतं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. मिरजेच्या माणसाने खरं तर कान झाकायला हवेत, पण मी झाकत नाही. ड्रम वाजवणारा पोरगा दमतो ते ऐकू येतं, ताल पुढे पळतो, मग सगळे धावत जाऊन त्याला गाठतात. हल्लीच्या अल्बमांत ड्रमचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर नेऊन जागच्या जागी बसवतात. तिथे चूक सापडत नाही आणि माणूसही सापडत नाही.

नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) फेनरिझने घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने वाजवून रेकॉर्ड केला. त्यातल्या निम्म्या गाण्यांचे शब्द ज्याने लिहिले तो खुनासाठी तुरुंगात गेला, हे विसरू नकोस. नॉर्वेत त्या काळात चर्चेस जाळली गेली. त्या कथांत शौर्य शोधू नकोस, त्यात कोणाचं तरी पोर मेलं. आणि फेनरिझने वर्षानुवर्षं पोस्टात नोकरी केली, हेही लक्षात ठेव. सकाळी उठून नोकरीवर जाणाऱ्या माणसाने हे संगीत केलं. जिवाशी खेळल्याशिवाय ते कळत नाही, असं तुला कोणी सांगितलं असेल तर तो खोटं बोलला.

मी सांगलीला कॉलेजात होतो तेव्हा होस्टेलमध्ये एकच कॅसेट कॉपी होत होत बारा हातांतून फिरायची. प्रत्येक कॉपीत खरखर वाढायची, माझ्यापर्यंत येईस्तोवर गाणं धुक्यातून आल्यासारखं व्हायचं. मुंबईला रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक भरायचं. मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. बाबांना विचारायला जीभ उचलली नाही. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रमच बंद झाले. उघड्या आकाशाखाली एकदा तो आवाज छातीवर घ्यायचा राहून गेला, याची हळहळ अजून आहे. म्हणून तू पुण्याला गेलास याचा मला, खरं सांगू, जरासा हेवा वाटला. पण घाट, ओंकार. तो घाट.

वर कडक लिहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावायचास, अजून तसाच दिसतोस मला. ताईला मी अजून बरंच सांगणार आहे. तुमच्याच गावच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फारुख बलसाराने १९५८ साली शाळेत हेक्टिक्स नावाचा बँड काढला, पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि त्याच्या क्वीनचं १९७४ चं 'स्टोन कोल्ड क्रेझी' मेटालिकाने १९९० साली पुन्हा गायलं. पाचगणीच्या पोराने मोठ्या आवाजात काही करणं नवं नाही, एवढं तिला कळलं तरी पुरे. तो टीशर्ट ती परत देईल, माझी जबाबदारी.

पुढचा कार्यक्रम कधी आहे ते मला आधी कळव. मी मिरजेहून येतो, तू दुपारच्या एसटीने ये, स्वारगेटला भेटू. गर्दीत मी मागे उभा राहीन, तुझ्या मित्रांत लुडबुड करणार नाही. रात्री कोथरूडला बेबीआत्याकडे झोपू आणि सकाळी तुला वाईपर्यंत सोडीन. तिकिटाचे पैसे माझे. फक्त रात्री तो घाट चढू-उतरू नकोस, बाळा. पत्र मिळताच फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागाच आहे.

तुझा
मामा