उद्योगविस्ताराचे अंदाजपत्रक : कोणता खर्च धरावा?

नालासोपारा पूर्वेकडील तुळिंज परिसरात गाळ्यांतून चालणारे अनेक लघुउद्योग आहेत. धंद्याचा जम बसला की दुसरे यंत्र बसविण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. त्यासाठी पुष्कळदा राहते घर तारण ठेवावे लागते. अशा वेळी अंदाजपत्रकातील एखादी चूकही सबंध कुटुंबाला भोवते.

विस्तार केल्यामुळे जो खर्च नव्याने करावा लागेल आणि न केल्यास जो टळेल, तोच निर्णयाशी संबद्ध खर्च होय. नियम साधा आहे. अडचण येते ती प्रत्यक्ष आकडे मांडताना.

उदाहरणादाखल प्लास्टिकच्या वस्तू बनविणारा एक गाळेधारक घेऊ. नव्या यंत्रामुळे कच्च्या मालाचा खर्च वजा जाता वर्षाला 9,00,000 रुपये मिळतील, असा त्याचा अंदाज आहे. दोन कामगारांची मजुरी 3,84,000, वाढीव वीज 1,56,000 आणि यंत्राच्या किंमतीचा व्याजासह वार्षिक भार 2,00,000 रुपये. हिशेबनीस त्यात कार्यालयीन खर्चाचा वाटा म्हणून 1,20,000 आणि प्रकल्प अहवालासाठी पूर्वीच दिलेले 40,000 रुपये मिळवितो. एकूण खर्च 9,00,000 रुपये. शिल्लक काहीच नाही.

वास्तविक कार्यालयाचा खर्च यंत्र आले वा न आले तरी तेवढाच राहणार. अहवालाचे पैसे तर गेलेच. ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. या दोन रकमा वगळल्या की 1,60,000 रुपये शिल्लक दिसतात आणि मालकाला हुरूप येतो.

परंतु यंत्रासाठी लागणारा अर्धा गाळा सध्या दरमहा 12,000 रुपये भाड्याने दिलेला आहे. हे भाडे बंद होईल. त्याची पावती कोठेही फाडली जात नाही, म्हणून ते वहीत खर्च म्हणून दिसत नाही. तरीही वर्षाचे 1,44,000 रुपये हातचे जातात. उरतात अवघे 16,000. एवढ्यासाठी घर तारण ठेवावे काय, हा आता खरा प्रश्न होतो.

शिलकी मालाबाबतही अशीच गल्लत होते. नव्वद रुपये किलोने घेतलेला प्लास्टिकचा दाणा आज एकशे दहाला मिळत असेल आणि तो नित्य वापरात असेल, तर हिशेबात एकशे दहा धरावेत. त्याचा अन्यत्र उपयोगच नसेल, तर विकून जे येईल तेवढेच. यंत्रावरील वस्तू व सेवा कराची वजावट मिळत असल्यास ती रक्कमही खर्चात धरू नये. खेळत्या भांडवलाचा मात्र विसर पडू नये. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकती करावीत, असे 2006 चा कायदा सांगतो. तेवढे दिवस तरी माल व मजुरीसाठी पैसा हाताशी हवाच.

झालेल्या खर्चाचा मोह मोठमोठ्या सरकारांनाही सुटत नाही. ब्रिटन व फ्रान्स यांनी 1962 मध्ये करार करून हाती घेतलेल्या कॉन्कॉर्ड विमानाचा खर्च अंदाजापलीकडे गेला, तरी काम चालूच राहिले. अशी अवघी 20 विमाने बांधली गेली आणि 2003 मध्ये त्यांची सेवा संपली.

पंचायत सदस्यांपुढे बचत गटाचा प्रस्ताव येतो, तेव्हा बँकेला दिलेला प्रकल्पखर्च व निर्णयासाठी धरावयाचा खर्च हे वेगळे असू शकतात, हे ध्यानी घ्यावे. 2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांनुसार जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरावयाची नसते. मात्र शेड उभारावयाच्या जागेतून आज भाजीपाल्याचे उत्पन्न येत असेल, तर ते बुडणार हे गटाच्या स्वतःच्या हिशेबात आलेच पाहिजे.