सोडवायचं काय, सोडायचं काय

चि. ओंकार यास,


जेईई मेन ही चाळणी आहे. तिच्यातून साधारण अडीच लाख मुलं जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि आयआयटीचा प्रवेश त्या दुसऱ्या परीक्षेवर ठरतो. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांत मात्र मेनच्याच क्रमांकावर प्रवेश मिळतो.

२०२५च्या रचनेत ७५ प्रश्न, १८० मिनिटं आणि ३०० गुण होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या प्रत्येक विषयाचे २५ प्रश्न: २० पर्यायांचे, ५ आकड्यात उत्तर देण्याचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. २०२१ ते २०२४ या काळात आकडी प्रश्नांत दहांपैकी पाच निवडायची मुभा होती. त्या वर्षांचे पेपर सरावाला घेणाऱ्याने ती सवलत आता गेली हे ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रातली बहुतेक मुलं सीईटीही देतात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. हीच सवय मेनला नेली की घात होतो. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून चार वेळा ठोकलं, तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात. हाती उरतो फक्त एक गुण. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर त्याच चार प्रश्नांत सरासरी सहा गुण मिळतात. आकडी प्रश्नात बाद करायला काहीच नसतं. तिथे गणित सुटलं नसेल, तर जागा कोरी बरी.

एका प्रश्नाच्या वाट्याला २ मिनिटं २४ सेकंद येतात. इंटिग्रेशनच्या एकाच गणितावर दहा मिनिटं अडून बसणारा मुलगा चार प्रश्नांची वेळ घालवतो, आणि त्यातले दोन रसायनशास्त्राचे सरळ पाठांतराचे असू शकतात. हुशार मुलांचंच हे जास्त होतं; हातचं गणित सोडणं त्यांच्या जिवावर येतं.

पडद्याच्या कडेला प्रश्नक्रमांकांची चौकट असते. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा दिसतो, पुन्हा पाहायचा म्हणून खूण केलेला जांभळा. उत्तर देऊन खूण केली, तरी ते उत्तर तपासलं जातं. नुसती खूण केली, तर काहीच मिळत नाही. मनगटी घड्याळ नेता येत नाही, वेळ पडद्यावरच उलटी धावते. कॅल्क्युलेटरही नसतो.

निकालात ९५ पर्सेंटाइल दिसले म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातली ९५ टक्के मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जानेवारीची परीक्षा बिघडली, तर एप्रिलची आहे आणि क्रमांकासाठी दोन्हींतली सरस कामगिरी धरतात.

दिवाळीला येताना सरावाची वही आण. प्रत्येक प्रश्नाला किती मिनिटं गेली, ते समासात लिहिलेलं असू दे. आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
आत्या