खडी आणि डांबर : सायकल सफरीतून ‘गतीचे नियम’

इयत्ता : नववी
विषय : विज्ञान, शारीरिक शिक्षण
वेळ : मैदानावर दोन तासिका आणि एक सकाळ



महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांमधली मुलं सायकल काढतात तेव्हा आधी मुरूम, मग खडी आणि मग कुठे डांबर लागतं. अशा रस्त्यांवरच्या सायकलिंगला जगात ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्या मुलांना हा रस्ता रोजचाच, पण रोजचा म्हणून तो समजलेला असतोच असं नाही. मुलं चढाला घाबरतात. खरा धोका मात्र उतारावर, जिथे डांबर संपून खडी सुरू होते तिथे असतो. हा पाठ त्या जागेसाठी आहे.

कृती १ : मैदानावर मोजणी

५० मीटर अंतर आखा. ते १० सेकंदांत कापलं की वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. रेषेवर शिट्टी वाजली की ब्रेक लावायचा. सायकल कुठे थांबली ते टेपने मोजा. आधी कडक जमिनीवर, मग पसरलेल्या खडीवर. एका वेळी एकच मूल, सरळ रेषेत आणि हेल्मेट घालूनच.

कृती २ : फळ्यावर गणित

शिट्टी ऐकून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. तेवढ्यात सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते. डांबरावर वेग दर सेकंदाला २.५ मीटर/सेकंदाने कमी होतो असं मानलं, तर गतीच्या तिसऱ्या समीकरणाने ब्रेक लावल्यानंतरचं अंतर ५ मीटर येतं. खडीवर पकड निम्मी धरली, तर १० मीटर.

आता १०० मीटरला ५ मीटर उतरणारा रस्ता घ्या. गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध ओढतं, त्यामुळे मंदन साधारण ०.५ ने घटतं. डांबरावर अंतर ५ चं सव्वासहा मीटर होतं. खडीवर मात्र १० चं जवळजवळ १७! वेग दुप्पट केला तर ही सगळी अंतरं चौपट होतात. हा आकडा मुलांनाच काढू द्या. ‘हळू चालव रे’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा स्वतः काढलेलं उत्तर जास्त लक्षात राहतं.

कृती ३ : गटाने सफर

गणितातूनच नियम निघतात :

- खडी लागायच्या आधी, डांबरावर असतानाच वेग कमी करायचा.
- खडीवर वळताना ब्रेक नाही. पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक घसरलंच.
- दोन सायकलींमध्ये एका सेकंदाचं अंतर, म्हणजे ५ मीटर, साधारण तीन सायकलींएवढं. खडीवर त्याच्या दुप्पट.
- पुढे एक शिक्षक, सर्वांत मागे एक. ‘खडी!’, ‘खड्डा!’, ‘गाडी!’ ही हाक पुढून मागच्या मुलापर्यंत पोचलीच पाहिजे.
- वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचा. ही शर्यत नाही.

मार्ग निवडताना मुंबई-गोवा महामार्ग, कशेडी आणि आंबेनळी घाट टाळा. आतले कमी रहदारीचे रस्ते निवडा आणि शिक्षकांनी ते आधी एकदा पाहून या. पोलादपूर तालुक्यात नरवीर तानाजी मालुसरे यांचं स्मारक असलेलं उमरठ आहे, रायगडाच्या पायथ्याशी जिजाऊंची समाधी असलेलं पाचाड आहे. पण पहिल्या वेळी एवढं लांब नको, जाऊन-येऊन १५ किलोमीटर पुरे. मार्चमध्ये उजाडता निघा, नऊच्या आत परत या. २० मार्चला चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ महाडात मोठी गर्दी असते. त्या सुमारास शहरातून जाणारा मार्ग नको.

पालकांसाठी

आदल्या दिवशी दोन्ही ब्रेक, चेन आणि हवा मुलाकडूनच तपासून घ्या, तुम्ही फक्त बघा. टायर दगडासारखा टणक असेल तर खडीवर उड्या मारतो, फार मऊ असेल तर ट्यूब चिमटून पंक्चर होते. आणि मुलगी आहे म्हणून घरी ठेवू नका. ब्रेकचं गणित दोघांना सारखंच आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. डांबर, मुरूम आणि खडी वेगळ्या रंगांनी दाखवा.
२. त्यावर ब्रेक आधीच लावायला हवा अशा तीन जागा दाखवा. कारण लिहा.
३. पावसाळ्यात यातली कोणती जागा सर्वांत धोकादायक होईल? का?