जुना भाग कोणाचा?

व्यापारी कायदा म्हणजे कलमे पाठ करणे, असा माझा समज होता. बाबांच्या मोटारसायकलने तो घालवला.

गाडी विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये दिली होती. कार्ब्युरेटर बदलला, बिल चुकते केले. मूळ कार्ब्युरेटर मागितला, तर "तो भंगारात जातो," असे उत्तर मिळाले. बाबा गप्प बसले. मी वही उघडली.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४८ : काम झाल्यावर परत मिळावी या कराराने वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे निक्षेप. दुरुस्तीला दिलेली गाडी हे त्याचेच उदाहरण. ताबा जातो, मालकी जात नाही. कलम १६० प्रमाणे काम संपताच वस्तू न मागताही परत करावी लागते. मजुरी थकल्यास कलम १७० ती अडवून ठेवू देते. पैसे मिळताच तो हक्क संपतो. जुना भाग देऊन बिलात सूट घेतली असेल, तर गोष्ट निराळी. आमच्या बिलात तसे काही नव्हते.

हे सारे मी कानडीत अर्जावर लिहिले, बिलाची नक्कल जोडली आणि पोच मागितली. चौथ्या दिवशी कार्ब्युरेटर मिळाला. ओळखीच्या मिस्त्रीने तो उघडला; आत नुसता कचरा अडकला होता! न मिळता, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते.

मित्रहो, गाडी देतानाच जॉबकार्डावर "जुने भाग परत द्यावेत" एवढे लिहून घ्या. जुना भाग हाच आपला पुरावा असतो.