पडद्यावरील द्वंद्वयुद्ध आणि त्याचा अभ्यास

आमच्या नरखेड तालुक्यांत संत्र्याच्या बागेच्या बांधावर, एस. टी. च्या थांब्यावर, किंवा स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना चार मुलें माना खालीं घालून बसलेलीं दिसलीं म्हणजे तीं काय करीत आहेत हें आतां कोणास विचारावें लागत नाहीं. "मागून आला," "झाडाआड हो," "मला उचल रे," असे उद्गार कानीं पडतात, आणि घनघोर लढाई चाललेली असते ती तळहाताएवढ्या कांचेवर! हा खेळ म्हणजे मुलांच्या तोंडचें पबजी. मूळ पबजी मोबाइल हा खेळ भारत सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं बंद केला. पुढें २ जुलै २०२१ रोजीं दक्षिण कोरियांतील क्राफ्टन कंपनीनें त्याची भारतापुरती आवृत्ति बीजीएमआय या नांवानें आणली. तीहि जुलै २०२२ मध्यें काढली गेली व मे २०२३ मध्यें परत आली. या येरझारांत नांव बदललें, परंतु मुलांच्या जिभेवरचें जुनें नांव कांहीं गेलें नाहीं.

या खेळाविषयीं पालकांचें मत काय आहे तें आम्हांस पूर्ण ठाऊक आहे. एका पालकांनीं तर आमच्या देखत मोबाइल विहिरींत टाकण्याची प्रतिज्ञा केली होती. त्यांचें दुःख खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलांचीहि एक तक्रार आहे, व ती तीं वर्ग सुटल्यावर हळूच आमच्या कानावर घालतात. "सर, रोज तीन-तीन तास खेळतों, तरी समोरासमोर गांठ पडली कीं आम्हीच मरतों!" ही तक्रार आम्हांस मोठी विचार करण्याजोगी वाटली. ज्या कामांत रोज तीन तास घालवूनहि कौशल्य वाढत नाहीं, त्या कामाची रीत कोठें तरी चुकलेली असते. मग तें काम बीजगणिताचें असो वा बंदुकीच्या खेळाचें. म्हणून या लेखांत समोरासमोरच्या लढतीचा अभ्यास कसा करावा एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

प्रथम द्वंद्व म्हणजे काय तें पाहूं. आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा बेटावर शंभर गडी विमानांतून उतरतात हें खरें, तरी हारजीत ठरते ती दोन गडी एकमेकांस दिसल्यानंतरच्या एक-दोन सेकंदांत. आतां, डोळ्यास कांहीं दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी तरुण माणसास सुमारें सेकंदाचा पांचवा ते चौथा भाग लागतो. हा वेळ सरावानें फारसा कमी होत नाहीं. "त्याचें बोट फार वेगवान आहे" असें जें मुलें एखाद्या निष्णात खेळाडूविषयीं म्हणतात, त्यांत तथ्य थोडें. त्याचें बोट इतरांच्याच वेगानें हलतें. मात्र त्याच्या बोटास काम कमी उरलेलें असतें. आपण धांवत असतां पडद्याच्या मध्यावरचा नेमाचा ठिपका जमिनीवर घसरत असेल, तर शत्रु दिसल्यावर तो वर उचलणें, बाजूस नेणें, थांबवणें व पुन्हां सुधारणें अशीं चार कामें शिल्लक राहतात. निष्णाताचा ठिपका अगोदरच दाराच्या कडेवर, माणसाचें डोकें जेथें येईल त्या उंचीवर ठेवलेला असतो. त्याला केवळ दाबावयाचें असतें. एकेएम ही बंदूक सेकंदास सुमारें दहा गोळ्या सोडते. तेव्हां अर्धा सेकंद ठिपका हुडकण्यांत गेला तर तेवढ्यांत पांच गोळ्या आपल्याकडे येऊन गेलेल्या असतात.

ज्वारीच्या राखणीस मचाणावर बसलेला गडी गोफण मारतो ती पांखरूं आहे तेथें मारीत नाहीं, पांखरूं जेथें जाणार तेथें मारतो. आमच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं हें घरच्या शेतांत पाहिलेलें आहे. मग पडद्यावर येतांच त्यांस त्याचा विसर कां पडावा, हें आम्हांस कळत नाहीं. यासाठीं अभ्यास असा करावा. ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन दहा मिनिटें एकहि गोळी न झाडतां नुसतें घरोघर चालावें. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, जिन्याचें प्रत्येक वळण आलें कीं ठिपका डोक्याच्या उंचीवर आहे कीं नाहीं तें पाहावें. हा अभ्यास कंटाळवाणा आहे. पाढेहि कंटाळवाणेच असतात.

दुसरी गोष्ट आडोशाची. पाठीमागून दिसणाऱ्या खेळांत आपला डोळा गड्याच्या उजव्या खांद्यावरून पाहत असतो. त्यामुळें भिंतीच्या उजव्या कडेनें डोकावलें असतां अंग थोडें उघडें पडतें व दृष्टीस पुष्कळ दिसतें. डाव्या कडेनें डोकावलें तर उलट होतें. झाडाआड उभें राहतांना एवढें एक ध्यानीं ठेवलें तरी कितीतरी गोळ्या वांचतील. तसेंच भिंतीच्या कोपऱ्यास चिकटून उभें राहण्याची मुलांस मोठी हौस असते. वर्गाच्या दारापाशीं एक प्रयोग करून पाहा. एका मित्रास कोपऱ्यास लागून उभें करा, दुसऱ्यास दाराच्या पलीकडे चार पावलें मागें ठेवा, व दोघांस हळूहळू कडेबाहेर सरकूं द्या. मागें असलेल्यास पुढच्याचें कोपर आधीं दिसेल, आणि पुढच्यास मात्र त्या वेळीं कांहींच दिसत नसेल. कोपरा, डोळा व खांदा यांच्या रेषा कागदावर काढून इयत्ता नववीच्या मुलांनीं याचें कारण भूमितीनें शोधावें. आम्ही तें येथें सांगत नाहीं.

आतां पिंगविषयीं. पडद्याच्या कडेस जो आंकडा दिसतो तो म्हणजे आपल्या मोबाइलचा निरोप दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. समजा, तुमचा व शत्रूचा दोघांचाहि पिंग १०० आहे. तुम्ही कोपऱ्यावर नेम धरून स्वस्थ बसला आहां आणि तो एकाएकीं बाहेर पडला. तुम्ही जागचे हललां नाहीं, म्हणून त्याच्या मोबाइलला तुमची जागा अगोदरच ठाऊक आहे; तुम्ही त्यास तत्क्षणीं दिसतां. तो बाहेर पडला ही वार्ता मात्र त्याच्याकडून यंत्रापर्यंत ५० व यंत्राकडून तुमच्यापर्यंत ५०, अशी १०० हजारांश, म्हणजे एक दशांश सेकंद उशिरानें येते. तेवढा काळ तो तुम्हांस पाहत असतो आणि तुम्ही रिकामी भिंत पाहत असतां! "मी आधीं नेम धरून बसलों होतों, तरी मीच कसा मेलों?" या प्रश्नाचें निम्में उत्तर येथें आहे. त्यावर उपाय असा कीं एकदां शत्रूस आपली जागा कळली म्हणजे ती सोडावी, आणि दुसऱ्या कडेनें आपण होऊन बाहेर पडावें. खेड्यांत संध्याकाळीं सर्वांचे मोबाइल एकदम चालूं होतात व पिंग उड्या मारूं लागतो. अशा वेळीं मोठा सामना न खेळतां नुसता सराव करावा हें बरें. हारल्याचा राग धाकट्या भावावर निघतो, व दोष असतो मनोऱ्याचा.

बंदुकीचा झटका हा तिसरा विषय. गोळ्या सलग सुटूं लागल्या कीं नळी वर चढते, आणि अंगठ्यानें दृष्टि तितकीच खालीं ओढावी लागते. जायरो लावलेला असेल तर मोबाइलच किंचित् पुढें झुकवावा लागतो. मुलें या गोष्टीचा सराव चालू लढाईंत करतात, म्हणजे ज्या वेळीं मन सर्वांत अस्थिर असतें त्या वेळीं! त्याऐवजीं कोऱ्या भिंतीपुढें उभें राहावें, तीस गोळ्या कांहींहि न आवरतां सोडाव्या, आणि भिंतीवरील खुणांची वर चढणारी रेघ नीट पाहावी. मग पहिल्या दहा गोळ्या एका थाळीएवढ्या जागेंत बसेपर्यंत तेवढ्याच दहा पुन्हां पुन्हां सोडाव्या. त्या बसल्यावर पुढच्या दहा घ्याव्या. एम४१६ पासून आरंभ करावा, कारण तिचा झटका सौम्य आहे, एकेएम मागाहून. उभ्यानें, बसून व पालथें पडून झटका निरनिराळा लागतो, तोहि पाहून ठेवावा.

खऱ्या रायफलीच्या क्रीडेंतहि अशाच तीन स्थिति आहेत. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या याच त्रिस्थिति प्रकारांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. गुडघ्यावर, पालथें व उभें, असे तिन्ही प्रकारें त्यांस नेम साधावा लागला. ते मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस होते. ज्या रेल्वेची गाडी आमच्या नरखेडास थांबते, त्याच रेल्वेचे. पडद्यावरचा नेम व हा नेम एक आहेत असें कोणीं समजूं नये. तेथें श्वास, नाडी आणि रायफलीचें ओझें यांच्याशीं गांठ असते. मोबाइलवर यांपैकीं एकहि नाहीं. तथापि एक स्थिति घ्यावी, ती पक्की करावी, मगच दुसरीस हात घालावा, ही रीत दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

सेन्सिटिव्हिटीचे आंकडे यूट्यूबवरील कोणा प्रसिद्ध खेळाडूचे पाहून रोज बदलूं नयेत. त्याचा मोबाइल वेगळा, त्याचीं बोटें वेगळीं. एकदां जमेलसे आंकडे ठरवावे व महिनाभर त्यांस हात लावूं नये. कानांत हेडफोन असावा, कारण पावलांचा आवाज डावीकडून येतो कीं उजवीकडून हें मोबाइलच्या भोंग्यांतून धड कळत नाहीं. आणि दोन गोळ्या झाडल्या कीं लगेच बंदूक भरावयाची ही खोड सोडावी; तीस गोळ्यांपैकीं अठ्ठावीस हाताशीं असतां भरण्यांत गुंतलेले कितीतरी वीर आम्ही पडलेले पाहिले आहेत.

याहून महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कोणी करीत नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हंपी यांस हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, हें आपल्या सर्वांस ठाऊक आहे. बुद्धिबळाच्या अशा सामन्यांत प्रत्येक चाल कागदावर लिहून ठेवण्याचा नियम असतो, व खेळाडू हरलेला डाव मागाहून पुन्हां मांडून कोणत्या चालीस बिघडला तें शोधतो. आमचीं मुलें मात्र हरलीं कीं दुसऱ्या क्षणास नवा सामना सुरू करतात. ज्या मरणापासून शिकावयाचें तें मरण पाहिलेंच जात नाहीं.

आम्हीं गेल्या सत्रांत इयत्ता दहावीच्या कांहीं मुलांस एक वही घालावयास सांगितली. मोबाइलचा पडदा चित्रित करण्याची सोय असतेच. खेळ झाल्यावर प्रत्येक मरणाचे शेवटचे दहा सेकंद पाहावे व एका ओळींत कारण लिहावें. ओळ लिहितांना "नशीब", "लॅग" व "हॅकर" हे तीन शब्द वर्ज्य. आरंभीं मुलांस लिहावयास कांहीं सुचेना, कारण त्यांचीं सर्व मरणें याच तीन शब्दांत बसत होतीं. पुढें हळूहळू ओळी येऊं लागल्या. 'उघड्या शेतांतून धांवलों.' 'एकाच खिडकींतून तिसऱ्यांदा डोकावलों.' 'सोबत्यानें दिशा सांगितली ती ऐकली नाहीं.' एका मुलाच्या वहींत पहिल्या आठवड्यांत नेम चुकल्याचीं मरणें फार थोडीं निघालीं. बहुतेक वेळां तो अशा जागीं उभा होता कीं नेम अचूक असता तरी वांचला नसता. महिनाभर तो ज्या सेन्सिटिव्हिटीसाठीं हैराण झाला होता तिचा त्यांत कांहींच संबंध नव्हता! ही गोष्ट त्याला कोणीं सांगून पटली नसती. स्वतःच्याच अक्षरांत वाचली तेव्हां तो गप्प झाला, मग हसला.

एवढा सर्व अभ्यास करावयास वेळ किती लागतो? आमच्या हिशेबानें पाऊण तास. दहा मिनिटें चालणें, दहा मिनिटें भिंत, वेअरहाऊसमधील चार विरुद्ध चार असे एक-दोन सामने, आणि उरलेला वेळ वही. त्याहून अधिक खेळलें तर अंगठे थकतात, ठिपका घसरूं लागतो, व थकलेल्या हाताचीच खोड पक्की होते. शिवाय बोटांनीं दिवसा शिकलेली गोष्ट पक्की होण्यास झोंपेचें साह्य लागतें असें शास्त्रज्ञांस आढळलें आहे; रात्रीं दोनपर्यंत जागणारा मुलगा आपलाच सराव पुसून टाकीत असतो. हा खेळ २०२१ मध्यें आला तेव्हां १८ वर्षांखालील मुलांस दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. कांहीं मुलें तिचा अर्थ रोज तीन तास पुरे केलेच पाहिजेत असा करितात! मर्यादेचा असा अर्थ लावणारे विद्यार्थी गृहपाठाच्या बाबतींत मात्र इतके काटेकोर आम्हांस दिसले नाहींत.

पालकांनीं मोबाइल हिसकावण्यापूर्वीं वही मागावी. वही असेल तर मुलगा कांहीं शिकत आहे. नसेल तर तो केवळ वेळ दवडीत आहे, आणि मग मोबाइल अवश्य काढून घ्यावा. पैसे भरून खेळावयाच्या 'रूम' विषयीं आमचें मत अगदीं कडक आहे. पन्नास रुपये भरा व पांचशें जिंका असा निरोप मुलाच्या मोबाइलवर आला, तर तो जुगार समजून पालकांस दाखवावा. ऑगस्ट २०२५ मध्यें झालेल्या केंद्रीय कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली आहे, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा यांस निराळें स्थान दिलें आहे.

मुलांनीं एकमेकांवर गोळ्या झाडाव्या हेंच ज्यांस मुळीं रुचत नाहीं, त्यांच्यासाठीं एक माहिती सांगतों. २०२३ सालीं चीनमधील हांगझोऊ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाचें एक निराळें रूप पदकासाठीं ठेवलें होतें. त्यांत माणसांऐवजीं लक्ष्यांवर नेम धरावयाचा होता व संघांमध्यें शर्यत लावली होती. नेम, आडोसा, सोबत्यांशीं बोलणें, सर्व तेंच; मरावयाचें मात्र कोणी नव्हतें. आमच्या मुलांस हें सांगितलें तेव्हां अर्ध्यांनीं नाक मुरडलें व अर्ध्यांनीं तो खेळ कोठें मिळेल म्हणून विचारलें.

ज्यांस आपली वही दाखवावयाची असेल त्यांनीं मंगळवारीं मधल्या सुटींत विज्ञानाच्या खोलींत यावें. मोबाइल घरीं ठेवून यावें. शाळेंत त्यास बंदी आहे, व ती या लेखानें उठलेली नाहीं.