आईच्या स्मरणातले दप्तर

टाळेबंदीच्या काळात बौद्धिक दिव्यांग मुलांच्या घरी काय घडले, याविषयी बोलणे निघाले म्हणजे शाळा बंद पडून शिक्षण मागे पडले या तक्रारीला अग्रस्थान मिळते. परंतु बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या बिऱ्हाडापुरते सांगावयाचे तर ती हानी सर्वांत किरकोळ होती, आणि ज्या गोष्टीने आम्हांस खरोखर संकटाच्या काठाशी नेले, तिचा उल्लेख कोणत्याही सरकारी परिपत्रकात सापडावयाचा नाही.

आमच्या पंचविशीतल्या चिरंजीवांस घड्याळ कळत नाही, परंतु दिवस कळतो. कार्यशाळेच्या गाडीचा भोंगा म्हणजे सकाळ, मक्कळ कूटाच्या बागेपर्यंतची फेरी म्हणजे संध्याकाळ, आणि फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीच्या संगीतोत्सवाचा मंडप उभा राहिला म्हणजे नवे वर्ष, अशी त्याची कालगणना. 25 मार्च 2020 रोजी या साऱ्या खुणा एकदमच पुसल्या गेल्या. 2 एप्रिलला रामनवमी आली ती मंडपावाचूनच. पुढल्या आठवड्यात शेजारचे पादरायनपुरा आणि बापूजीनगर हे वॉर्ड मोहोरबंद झाले, म्हैसूर रस्त्याकडे अडथळे लागले, आणि धुतलेला सदरा घालून दाराशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या त्या दणकट तरुणाला ‘रोग आला आहे’ हे कोणत्या भाषेत सांगावे, हे आम्हां दोघांनाही उमगेना. तो ओरडे, दार बडवी. शेजारी खिडक्या लावून घेत.

त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्याच सुमारास स्पेनमध्ये अशा व्यक्तींना सोबत्यासह बाहेर पडण्याची कायदेशीर मुभा असतानाही लोक सज्जांतून शिव्या देत, म्हणून काही कुटुंबांनी दंडाला निळी फीत बांधण्याची युक्ती काढली होती. आणि इंग्लंडनेही दिवसातून एकदाच बाहेर पडण्याचा नियम या मुलांसाठी 8 एप्रिलला शिथिल केला. आपल्याकडे केंद्राच्या दिव्यांग विभागाने 26 मार्चलाच राज्यांना सविस्तर सूचना धाडल्या होत्या, परंतु नाक्यावरच्या शिपायाने त्या वाचलेल्या असतील या भरवशावर कोणी घराबाहेर पडू नये. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची नक्कल खिशात असावी, आणि शक्य तर कानडीत लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठीही. बोलण्यापेक्षा कागदाचा वचक अधिक.

घरात शांतता आली ती पत्नीच्या कल्पकतेने. तिने स्नान, शेंगा सोलणे, गच्चीवरची फेरी, कार्यशाळेतल्या बाईंचा फोन अशी एकेका कामाची चित्रे भिंतीवर ओळीने चिकटविली आणि काम उरकले की ते चित्र त्याच्याच हाताने उतरविण्याची वहिवाट पाडली. मुखपट्टी त्याने प्रथम भिरकावली. तेव्हा ती आधी आम्ही घरात लावून वावरलो, मग एका गाण्यापुरती त्याला लावली, मग दोन गाण्यांपुरती. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ही तालीम साथीची वाट न पाहता सुरू करावी.

खरी कसोटी दुसऱ्या लाटेत लागली. 27 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून कर्नाटकात पुन्हा सारे बंद झाले, आणि त्याच दिवसांत पत्नीला कोरोनाने गाठून रुग्णालयात हलवावे लागले, जेथे भेटीची मनाई होती. ती गेली त्याच रात्री माझ्या ध्यानात आले की या मुलाच्या संगोपनाचे समग्र दप्तर तिच्या स्मरणात होते आणि त्याची नक्कल कोठेच नव्हती. फिटच्या गोळ्यांची नावे चिठ्ठीवर होती, पण त्या पोटात कशा जातात हे चिठ्ठी सांगत नव्हती. दह्यातून दिलेली गोळी तो थुंकू लागला, आणि या गोळ्या अकस्मात तुटल्या तर झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकते, हे मला पक्के ठाऊक होते. अखेर फोनवर, प्राणवायूच्या नळीतून धापा टाकीत ती म्हणाली, “अहो, दह्यात नको, मुरंब्यात द्या. आणि तो ‘बस, बस’ म्हणाला तर त्याचं पोट दुखतंय असं समजा.” लहानपणी बसमध्ये त्याचे पोट दुखले होते, तेव्हापासून त्या दुखण्याचे नाव बस! ही माहिती जगात एकाच व्यक्तीपाशी असावी, आणि तिला श्वास अपुरा पडत असावा, यापरते भय मी जाणले नाही.

म्हणून माझी विनवणी एवढीच, की अशा मुलाची तपशीलवार याद आज लिहून काढावी. औषध, मात्रा, वेळ आणि ते देण्याची हिकमत. त्याचे खासगी शब्द आणि त्यांचे अर्थ. तो कशाने बिथरतो आणि कशाने निवतो. कोणाच्या हातून जेवतो. मी आईची भिस्त न धरता ती लिहिली. पत्नी सुखरूप परतल्यावर तिने ती वाचून जवळजवळ निम्मी खोडली.

यादीइतकेच निकडीचे दुसरे काम कायद्याचे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आमच्या पश्चात कोण, हा विचारही त्याच निमित्ताने उघडपणे करावा लागतो. मी धाकट्या पुतण्याला विचारले. त्याने होकारापूर्वी काकूंनी दुरुस्त केलेली ती याद मागून घेतली, आणि हल्ली तो दर रविवारी येऊन रात्रीची गोळी स्वतः देतो. मुरंब्यातूनच देतो; तरीही चिरंजीव कधी कधी ती त्याच्या सदऱ्यावर थुंकतात.